विहिरीतलं तेजाब

ती विहीर अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चाकणजवळच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. एका सकाळी साठीची एक विधवा शेतकरीण पाण्याची बाटली घेऊन आली आणि ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "साहेब, माझ्या दोन म्हशी मेल्या. दिरानं हिरीत इख कालवलं."

पाण्यावर हिरवट झाक होती. दिराशी बांधावरून तिचं वर्षानुवर्षं भांडण, गावभर माहीत. ठाण्यात येणाऱ्या दहा भांडणांपैकी सात बांधाचीच असतात. मी फिर्याद घेतली, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि दिराला बोलावून घेतलं.

दुपारभर चौकशी केली. तो एकच सांगत राहिला, "साहेब, माझी जनावरं बी त्याच हिरीवर हायेत. मी आपल्याच घशात कशाला इख घालीन?" उत्तर सरळ होतं, पण सरळ उत्तरावर विश्वास ठेवायची माझी सवय सुटली होती. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या. साठीच्या त्या माणसानं गाल चोळलाही नाही.

दुसऱ्या दिवशी भंगाराचा टेम्पो चालवणारा माझा जुना खबऱ्या आला. म्हणाला, "राव, म्हाताऱ्याला कशाला धरलंय? विहिरीशेजारच्या ओढ्यानं वर चालत जा. वास येईल तिथं थांबा."

आम्ही गेलो. कारखान्यांच्या मागे पत्र्याची एक शेड होती. आत निळे पिंप, फोडलेल्या मोबाईल-संगणकांतल्या हिरव्या सर्किट-पाट्यांचे ढीग. घसा जळत होता. परभणीकडचा एक कामगार पिंपात काठी ढवळत होता. त्याच्या बोटांची कातडी सोलली होती.

"हे काय करतोस?"

"साहेब, ह्या पाट्यांत सोनं असतं. तेजाबात टाकलं की सुटतं."

"आणि उरलेलं तेजाब?"

त्यानं मान ओढ्याकडे वळवली. "मालक म्हणतो, वाहून जातं."

त्याच्याच जबाबातून पुढचा धागा लागला. कंपन्यांमधून निघालेला हा माल एका परवानाधारक संस्थेकडे जायचा. ती 'सुरक्षित विल्हेवाट' असा शिक्का मारून दाखला द्यायची आणि माल मागच्या दाराने इथे पाठवायची.

पंचनामा चालू असताना हवालदारानं एक जुना संगणक उलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. मागे पांढऱ्या रंगात आमच्याच ठाण्याचं नाव आणि क्रमांक होता. असे सहा निघाले. नवे आले तेव्हा जुने त्याच संस्थेला देण्याच्या कागदावर सही मीच केली होती, ते पुढे कुठे जातात हे न विचारता.

पंचनामा लिहिणाऱ्या रायटरनं विचारलं, "साहेब, क्रमांक लिहू?"

"जुने संगणक, नग सहा. एवढंच लिही," मी म्हणालो.

शेडमालक लवकरच जामिनावर सुटला. संस्थेची कागदपत्रं चोख होती. संगणकांचे क्रमांक पंचनाम्यात असते, तर तो माल तिच्याच दारातून आला हे सिद्ध करता आलं असतं. ते मी होऊ दिलं नाही. जामीनदार न मिळाल्यानं सर्वांत जास्त काळ आत राहिला तो सोललेल्या बोटांचा कामगार.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाण्यात आम्ल आणि शिसं होतं. मी अहवाल घेऊन विहिरीवर गेलो. तिथे त्या बाई होत्या, दीरही होता. मी त्याची माफी मागितली. त्यानं मान फिरवली. गुन्हा उघडकीस आला, दोषारोपपत्र कोर्टात जाईल, असं मी सांगितलं.

नोकरीत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिले. शिक्का असलेला कागद त्या सगळ्यांपेक्षा सफाईने खोटं बोलतो, आणि आपल्याला त्रास नको असला की आपण त्यावर आनंदाने विश्वास ठेवतो, हे मी या प्रकरणात शिकलो. स्वतःवरूनच शिकलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "व्हय साहेब, गुन्हा सापडला. पर पाणी कवा चांगलं व्हईल?"

मी टोपी काखेत धरून उभा होतो. हातातल्या अहवालाची मी घडी घातली.