पंडितजी थेट येत नाहीत

मिरजेहून निघाले तेव्हा पिशवीत भडंग होतं आणि डोक्यात एकच प्रश्न: पलटणीतला पंडित दिवसभर करतो तरी काय? माझा धाकटा भाऊ वसंता फौजेत धर्मगुरू आहे. त्याची पलटण नाशिकजवळच्या माळावर सरावाला उतरली होती आणि पुढच्या महिन्यात सीमेवर जाणार होती. त्याआधी एका रविवारी घरच्यांना छावणीत यायची परवानगी मिळाली. मग मी कसली थांबते!

गेटवर फोन काढून घेतला. पुढे मुरमाच्या चढावर चपलेचा अंगठा तुटला. वसंतानं आपले कॅनव्हासचे बूट दिले. साडीखाली फौजी बूट! जवान गालातल्या गालात हसत होते. हसा मेल्यांनो, म्हटलं, पाय तर वाचले.

मंदिर म्हणजे एक तंबूच. शिस्त मात्र अशी, की बाहेर काढलेले बूटसुद्धा रांगेत उभे. आरतीनंतर एक जवान मागे राहिला. काशीनाथ, सुरगाण्याकडचा.

"पंडितजी, बायकोला पहाटे नाशकात आणलंय. डॉक्टर म्हणतात, बाळंतपण लय अवघड हाय."

सुट्टी मंजूर झाली होती, पण गाडी पाणी आणायला गेलेली. ती येईपर्यंत वाट बघणं आलं. वसंतानं त्याच्या हातावर हलव्याचा प्रसाद ठेवला. त्यानं तो खाल्लाच नाही, नुसता मुठीत धरून गेला.

मग वसंताची फेरी सुरू झाली. प्रत्येक तंबूत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा. मालेगावच्या सलीमचा चहा तर चमचा उभा राहील इतका दाट. लंगरात (स्वयंपाकाच्या तंबूत) पुरी आणि काळे चणे खाल्ले, वर पुन्हा चहा. शेवटी मी वैतागले. "अरे, किती ढोसशील?"

"अक्का, घरून वाईट बातमी आली की ती सांगायचं काम माझं," तो म्हणाला. "तेवढ्यासाठीच तंबूत गेलो, तर मला बघूनच पोरांचा जीव जाईल. म्हणून रोज सगळीकडे जातो. थेट कुणाकडे जात नाही."

तेवढ्यात ऑफिसच्या तंबूतून हाक आली, वसंताला फोन होता. तो बाहेर आला तो हसतच. "मुलगी! दोघी सुखरूप!"

मला कुठला धीर! "चल रे, आधी त्याला सांग," म्हणत मी त्याचा हात धरून ओढतच निघाले. वाटेत सलीम किटली घेऊन उभा. "साब, चाय?" आम्ही वळूनही पाहिलं नाही.

काशीनाथ लांब पाण्याच्या टाकीजवळ बसला होता. आम्हाला सरळ आपल्याकडे येताना बघून तो उठला आणि मटकन खाली बसला.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं. "ती का बाळ?"

"अरे, मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत!" वसंता ओरडला.

त्याला पटेना. आपली समजूत घालतायत असंच वाटलं असणार. मी त्याच्यापुढे मुरमातच बसले. "माझी शपथ, काशीनाथ. दोघी बऱ्या आहेत." तेव्हा कुठे तो रडला, लहान मुलासारखा. त्याच्या मुठीतल्या हलव्याचा पार लगदा झाला होता. तो त्यानं आता खाल्ला. माझ्या उतावळेपणाला काय म्हणावं!

थोड्या वेळानं गाडी आली आणि तो गेला. मी निघाले तेव्हा वसंता गेटपर्यंत आला. मघापासून मनात असलेलं तिथे विचारलंच. "आणि वसंता, तुझी बातमी घेऊन कोण येणार?"

तो हसला. "असेल कुणीतरी माझ्यासारखाच. त्याला आधी चहा विचार, अक्का. त्याच्या जिवावर आलेलं असेल."

मिरजेला येऊन आता बरेच दिवस झाले. पलटण सीमेवर गेली. बूट परत द्यायचे राहिले, ते दाराशीच ठेवलेत. काल दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर फौजी वर्दी, अनोळखी पोरगा. तो तोंड उघडणार तोच मी म्हटलं, "आत ये बाबा. आधी चहा घे."

पलीकडच्या गल्लीतल्या मित्राकडे निघालेला, सुट्टीवर आलेला, घर चुकला होता. मी त्याला तरीही सोडलं नाही. दोन कप पाजले.