सातव्या थांब्यावरचं शून्य

सकाळी पाच पन्नासला वनरक्षक सातव्या थांब्यावर डोळे मिटून उभे होते. राखीव जंगलातल्या पक्षीगणनेची रीत साधी. एका जागी दहा मिनिटं हलायचं नाही, आणि जो आवाज येईल त्याची वहीत नोंद करायची. दाट झाडीत पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. बावीस वर्षं ही गणना त्यांच्या कानांवर चालली होती. कचेरीत त्यांना कानसेन म्हणत. पूर्वी कौतुकाने, हल्ली सवयीने.

आज बायको सोबत होती. तिचा गुडघा दाखवायला दोघांना इथूनच पुढे दवाखान्यात जायचं होतं. दहा मिनिटं संपल्यावर तिने विचारलं, "अहो, हे मघापासून टिक टिक करतंय ते काय?"

त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. दुर्बीण लावली, तर वर बांडगुळात अंगठ्याएवढे दोन फुलटोचे. चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

वहीत फुलटोच्यापुढे तीन वर्षं शून्य होतं. बारीक आवाजाच्या आणखी चार पक्ष्यांपुढेही. त्या शून्यांवरून अहवालात आलं, की हा पट्टा पक्ष्यांनी सोडला आहे. त्या अहवालावर इथून रस्ता मंजूर झाला.

"कुकरची शिटी तरी ऐकू येते, की तीही माझ्या तोंडाकडे बघून ओळखता?" बायको म्हणाली. त्यांनी वही मिटली. संशय त्यांना गेल्या वर्षीच आला होता. पण कान गेलेल्या माणसाला गणनेवर कोण ठेवणार?

दवाखाना राहिला. साडेनऊला ते साहेबांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं: शून्यं माझी आहेत, पक्ष्यांची नाहीत, गणना नव्याने करा.

साहेबांनी उठून दार लावलं. अहवालावर साहेबांचीच सही होती. कान तपासायला पाठवलं तर जंगलातलं काम बंद होईल, आणि निवृत्तीला चौदा महिने उरलेत, याची त्यांनी शांतपणे आठवण करून दिली.

"पक्षी नाहीत हे सगळ्यांनी मान्य केलंय, कानसेन. तुम्ही एकटेच कशाला बघत बसलात?"

मग वही पुढे सरकवली. आजचा रकाना रिकामा होता. वनरक्षकांनी तो भरला.

बाहेर बाकावर बायको गुडघा चोळत बसली होती. "लिहिलेत ना दोन?" तिने विचारलं. ते ऐकू न आल्यासारखे पुढे चालू लागले.

उद्या पाच पन्नासला ते आठव्या थांब्यावर असतील. सातवा यादीतून काढला आहे. तिथे साडेआठला झाडं तोडणारे येणार आहेत.