व्हर्लिनच्या भिंतीवरच्या बंदुका

व्हर्लिन टॅकेटची तीन मतं अख्ख्या बेल क्रीक गावाला पाठ होती. सरकारने माणसाच्या बंदुकीला हात लावू नये, कोर्टाने लग्नात नाक खुपसू नये, आणि प्रार्थनेच्या आड तर कोणीच येऊ नये. रोज सकाळी डॉटीच्या हॉटेलात कॉफी पिताना समोर जो सापडेल त्याला यातलं एक तरी ऐकावंच लागे. डॉटी कप भरताना विचारायची, “काय व्हर्लिन, आज कोणाचा नंबर? बंदूक, लग्न की देव?” “आधी कॉफी ओत, मग सांगतो,” म्हणायचा, आणि सांगायचाच.

माणूस हेकट होता, पण ढोंगी नव्हता. शाळेने फुटबॉलच्या सामन्याआधी माइकवरून होणारी प्रार्थना बंद केली, तेव्हा हा पठ्ठ्या डोक्यावरची टोपी काढून प्रेक्षकांत उभा राहिला आणि खड्या आवाजात एकट्याने सुरू झाला. हळूहळू सगळी बाकं उभी राहिली. पोटच्या पोरीने, ऱ्होंडाने, घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलं, तेव्हा त्या लग्नाला गेला खरा, पण चर्चच्या बाहेर पिकअपमध्येच बसून राहिला. बायको नेडा आत जाऊन आली. आल्यावर म्हणाली, “केक छान होता. तुझा तुकडा मीच खाल्ला.”

नेडाला बंदूक चालवायला त्यानेच शिकवलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. शिकवून पस्तावलो, असं तो गमतीने म्हणे. कारण शरद ऋतूत चर्चच्या मागच्या माळावर कागदी निशाण्यावर नेमबाजी व्हायची, जिंकेल त्याला टर्की मिळायची, आणि ती टर्की बहुतेक वेळा नेडाच घरी आणायची. पुढे राज्यात नव्या कायद्याची कुजबुज सुरू झाली. घरच्यांनी तक्रार केली तर न्यायाधीश माणसाच्या बंदुका काढून घेणार म्हणे. व्हर्लिनने हॉटेल डोक्यावर घेतलं. “एक दिवस येतील बघा. गोड बोलतील, चहापाण्याची चौकशी करतील आणि भिंत रिकामी करून जातील.” हेच तो घरी जेवताना सांगायचा, गाडीत सांगायचा, झोपताना सांगायचा. नेडा ‘हं’ म्हणायची.

मग नेडा विसरायला लागली. आधी शेगडी, मग शेजाऱ्यांची नावं, मग ऱ्होंडा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी व्हर्लिन अंडी तळायला शिकला, तिचे केस विंचरायला शिकला, तिच्या झग्याची मागची बारीक बटणं लावायला शिकला. दिवसभर त्याच त्या प्रश्नांना तीच ती उत्तरं. तो पार शिणून गेला होता. रविवारी चर्चमध्ये पाद्री विचारायचे, “कोणासाठी प्रार्थना करायची आहे?” ज्याने प्रार्थनेसाठी गाव उठवलं, तो खाली मान घालून गप्प बसायचा. नेडाचं नाव त्या यादीत घालायचं त्याच्या जिवावर यायचं.

तसा तो बेसावध नव्हता. भिंतीवरच्या सगळ्या बंदुका त्याने रिकाम्या केल्या होत्या, काडतुसं गोठ्यात कुलूपबंद. पण परसातल्या सापांसाठी नेडाची एक छोटी शॉटगन होती, आणि तिची दोनचार काडतुसं शिवणाच्या टोपलीत, बटणांच्या डब्यात असायची. तिथे ठेवायला त्यानेच सांगितलेलं. “रिकामी बंदूक म्हणजे नुसती काठी, नेडा. दारूगोळा हाताशी पाहिजे.” तो साफ विसरला. तिच्या हातांना मात्र सगळं आठवत होतं.

मार्चमधली सकाळ. गुरांना चारा घालून तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला, तर आत नेडा उभी. बंदूक खांद्याला, गाल लाकडाला टेकलेला, पाय जरासे फाकलेले. अगदी त्याने शिकवलं होतं तश्शी.

“तिथेच थांबा,” ती म्हणाली. “कोण तुम्ही?”

“नेडा, मी आहे.”

“माझं नाव घ्यायचं नाही. माझा नवरा येईल इतक्यात. तापट आहे तो.”

व्हर्लिनने हात वर केले. तिचा नेम चुकत नाही हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? “बरं बाई,” तो म्हणाला, “मी बाहेर पायरीवर बसतो. तो आला की त्याच्याशीच बोलेन.”

“बसा. पण हलू नका.”

तो बसला. थंडीने गुडघे धरले. पाठीवर ती नळी आहे की नाही, ते वळून बघायची हिंमत होईना. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, “व्हर्लिन, अरे बाहेर काय बसलायस गारठ्यात? कॉफी निवतेय!” आत गेला तर बंदूक टेबलावर, पावाच्या टोपलीशेजारी. त्याने ती उघडली. भरलेली होती. तो सिंककडे तोंड करून रडला, आवाज न करता, आणि मग तिच्या कॉफीत साखर ढवळून दिली.

त्याने हे फोनवर सांगितलं, तेव्हा ऱ्होंडाने रडारड केली नाही. ती म्हणाली, “डॅडी, दोनच रस्ते आहेत. मम्मीला वृद्धाश्रमात ठेवा, नाहीतर बंदुका घराबाहेर काढा. दोन्ही एका छपराखाली राहणार नाहीत.”

“काडतुसं फेकली मी.”

“सगळी? शपथ घेऊन सांगाल?”

त्याला शपथ घेता येईना. आयुष्यभर साठवलेली काडतुसं. कोटाच्या खिशात, खिळ्यांच्या डब्यात, गाडीत, कुठे कुठे असतील देव जाणे.

“तू कोर्टात जाणार का?” त्याने विचारलं.

“मी तुमची मुलगी आहे, डॅडी,” ती म्हणाली. “तुम्हीच ठरवा.”

लग्नात देवासमोर दिलेला शब्द होता, दुखण्याखुपण्यात साथ सोडणार नाही म्हणून. त्यात जरतर नव्हतं. पण भिंतही त्याचीच होती. जी दोन मतं त्याने आयुष्यभर एका दमात सांगितली, त्यातलं एकच आता घरात राहणार होतं.

आमच्याकडे एक रीत आहे, तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. घरात कोणाचं मन थाऱ्यावर नसेल, तर बंदुका गुपचूप मित्राच्या कपाटात जातात. पोलीस नाही, कागद नाही. व्हर्लिनने चर्चच्या डीकनला, म्हणजे पाद्रींच्या मदतनिसाला, लॉनी प्रूइटला बोलावलं. लॉनी गाडी मागल्या दाराशी लावून आला.

“जास्त बोलू नकोस,” व्हर्लिनने आधीच बजावलं.

“मी कुठं बोलतोय?” लॉनी म्हणाला. “तू आपल्या हाताने देतोयस. ह्यालाच तर आपण स्वातंत्र्य म्हणत होतो.”

“तोंड बंद ठेव आणि ते टोक धर.”

एकेक रायफल घोंगडीत गुंडाळून गेली. वडिलांची जुनी शॉटगन व्हर्लिनने सगळ्यात शेवटी उतरवली. निघताना लॉनी म्हणाला, “रविवारी प्रार्थनेत नाव घेऊ का रे तिचं?” व्हर्लिनने मान डोलावली. “घे.”

तो आत आला तेव्हा नेडा झोपेतून उठून बैठकीत आली होती आणि भिंतीकडे बघत होती. नुसत्या खुंट्या, आणि त्यांच्यामधला न उडालेला, गडद रंग.

“तर आलात तुम्ही,” ती म्हणाली. आवाजात भीती नव्हती, राग होता. “आमचा व्हर्लिन सांगायचाच. एक दिवस येतील, गोड बोलतील आणि सगळं घेऊन जातील. मला वाटायचं, उगाच बडबडतो.”

“हो बाई,” व्हर्लिन म्हणाला, “घेतल्या खऱ्या.”

ती जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “एक करा. त्याच्या वडिलांची तेवढी परत ठेवा. बाकीच्यांचं मी समजावीन त्याला. ती गेलेली बघितली, तर त्याच्या मनाला फार लागेल हो.”