आमचे साडू स्पॅनिश शिकतात

मुरबाड तालुक्यात भाषा शिकण्याची अक्कल असलेला माणूस आजवर एकच जन्माला आला, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. दुर्दैवाने अशासाठी, की मी शहापूरला एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालो आणि या गृहस्थांना दहावीत इंग्रजीनेच दोनदा आडवं पाडलं होतं. त्यानंतर त्यांनी वैशाखऱ्याला भातगिरणी टाकली आणि चाळीस वर्षं पट्ट्याच्या खडखडाटावर ओरडून बोलण्यात घालवली. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा मी मोठ्या मनाने व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक मागवून दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि गिरणीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवलं. गिरणी तेव्हापासून एकदम स्थिर चालते.

या उद्योगाचं कारण म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीसाठी तो स्पेनला गेला, तिथल्याच मुलीशी त्याने कचेरीत लग्न केलं आणि वैशाखात गावी येऊन पुन्हा हळद लावून लग्न करायचं ठरवलं. सुनेला चार शब्द इंग्रजी येत होतं, पण तिच्या आईला स्पॅनिशशिवाय काहीच येत नव्हतं. आता आमच्याकडे लग्नाची अक्षत घरोघर जाऊन, हातावर ठेवून, तोंडाने सांगून द्यायची असते. साडू या बाबतीत कर्मठ. समोरच्या घरातल्या लग्नाचं बोलावणं मोबाइलवर नुसतं लिहून आलं म्हणून हे गेले नव्हते. दिवसभर ओट्यावर बसून बँड ऐकत राहिले आणि संध्याकाळी पिठलं खाल्लं. मग विहीणबाईंना मुलाच्या तोंडून निरोप धाडणं शक्यच नव्हतं. "मास्तर, बोलावणारा मी. माझी जीभ काय गहाण हाय? दुसऱ्यानं बोलावलं तर बाई येतील कशाला?" त्या बाई लग्नाला याव्यात, त्याही आपल्या बोलावण्याने याव्यात, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांची अभ्यासाची पद्धत मी शास्त्रोक्त नजरेने पाहिली आणि मला ती अजिबात पसंत पडली नाही. प्रत्येक शब्द एका चिठ्ठीवर लिहायचा. नवी चिठ्ठी पायलीच्या मापात टाकायची आणि रोज काढून बघायची. आठवली तर त्याहून लहान मापात, अधोलीत. अधोलीतल्या चिठ्ठ्या फक्त आठवडे बाजाराच्या दिवशी. तिथेही टिकली तर शेरात, आणि शेर उपडा करायचा तो पौर्णिमेला. कुठेही अडखळलं की चिठ्ठी पुन्हा पायलीत. मी विचारलं, ही कल्पना कुठून काढली? "काढायचीय काय त्यात? तांदळात न सोललेली साळ दिसली का परत घालतो ना गिरणीत?" माझ्या एकतीस वर्षांत एकाही प्रशिक्षण शिबिराने मला इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. अर्थात हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

शिवाय घरभर चिठ्ठ्या. दारावर 'पुएर्ता', खुर्चीवर 'सिया', म्हशीच्या गळ्यातही एक पुठ्ठा होता, तो तिने दुसऱ्या दिवशी खाल्ला. मिसळणाच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवायला गेले तेव्हा मात्र माझी मेहुणी पळी घेऊन उभी राहिली. "माझ्या डब्याला हात नाय लावायचा! तुमच्या विहिणीला मसाला लागंल तेव्हा मी देईन काढून." गिरणीत येणाऱ्या बायकांची तर सुटकाच नव्हती. गोणी उतरवताना हे "उनो, दोस, त्रेस" असं मोजायचे. एका सकाळी वाडीवरून डोक्यावर भात घेऊन आलेली एक म्हातारी माझ्यादेखत म्हणाली, "आज दोसच हायेत रे बाबा, त्रेस काय झेपत नाय." बोलताना चुकण्याची लाज साडूंना ठाऊकच नव्हती. चुरशीने मीही स्पॅनिश शिकायला बसलो होतो, पण मी मनातल्या मनात आधी क्रियापदाचं रूप बरोबर आहे का ते तपासत राहायचो, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जायची. सहा महिन्यांत ते घडाघडा बोलायला लागले. मला "नमस्कार" एवढं बिनचूक येत होतं.

अक्षतीसाठी रविवारी संध्याकाळी सातचा मुहूर्त काढला. तिकडे तेव्हा दुपार. साडूंनी नवी टोपी घातली, मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, पुढे नारळ आणि ओंजळीत हळदीच्या अक्षता. पडद्यावर विहीणबाई दिसल्या, शेजारी मुलगा. साडूंनी दहा वाक्यं म्हटली. एकही चिठ्ठी हातात नव्हती. बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला आणि त्या बोलू लागल्या. चांगली पाच मिनिटं बोलल्या. त्या जिथे थांबत तिथे हे मान डोलावून म्हणत, "सी, सी! मुई बिएन!" म्हणजे हो, हो, फार छान. मुलगा मध्ये काही सांगायला बघत होता, त्याला यांनी हातानेच गप्प केलं, "मोठी माणसं बोलतात, थांब." शेवटी आभाराचं "ग्रासियास" म्हणून फोन ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "येतायत!"

पेढेसुद्धा वाटले. मग मुलाचा फोन आला. बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटलं होतं. नवऱ्याला हिंदुस्थान बघायची फार हौस होती, तो गेल्या वर्षी वारला, तो असता तर कसाही आला असता, असं त्या सांगत होत्या. आणि आमचे साडू त्यांना फार छान, फार छान म्हणत होते.

चूक माझ्या लक्षात यायला हवी होती. त्यांनी फक्त बोलण्याचा सराव केला होता. गिरणीच्या आवाजात ऐकायचं असतं कुठे? आठ दिवस पायलीला कोणी हात लावला नाही. नवव्या दिवशी ते एस.टी.ने शहापूरला माझ्याकडे आले. टोपी मांडीवर ठेवून बसले आणि म्हणाले, "मास्तर, ऐकायचं कसं शिकवतात तुमच्यात?" मी क्रियापदांबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी चहा अर्धाच प्यायला. त्या दिवशी मला माझ्या एकतीस वर्षांची पहिल्यांदा लाज वाटली.

घरी जाऊन त्यांनी मुलाकडून दोनच नवी वाक्यं मागवली: 'त्या दिवशी मला समजलं नव्हतं, माफ करा' आणि 'पुन्हा सांगा, सावकाश.' मग स्वतः फोन लावला. लग्न पार पडलं, विहीणबाई आल्या नाहीत, त्यांची अक्षत देवाजवळ ठेवली. पण रोज संध्याकाळी सातला गिरणी बंद होते आणि हे ओट्यावर फोन घेऊन बसतात. बाई बोलतात. हे ऐकतात. माझा विश्वास बसणार नाही इतका वेळ गप्प बसतात.

गेल्या महिन्यात मी शेजारी होतो. बाई दहा मिनिटं बोलल्या. साडूंनी दोनदा 'पुन्हा सांगा' म्हटलं, एकदा नुसता उसासा टाकला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणत होत्या?

"नवऱ्याचं बोलत व्हत्या. त्याला भात लय आवडायचा." मग फोन खिशात टाकत म्हणाले, "का अजिबात नव्हता आवडत. तेवढं नाय समजलं. उद्या परत विचारीन."

मला त्यांचा फार हेवा वाटला.