देवीच्या लुगड्याची पट्टी

त्या दुपारी मी देवळात गेले ती श्रद्धेनं नाही. आईशी वाद घालायची ताकद उरली नव्हती, म्हणून गेले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून मी मोठी भाविक आहे असं कुणाला वाटायचं. मी वाशिमला इंग्रजी शाळेत शिकले. घरच्या आरतीचे शब्द मला आजही नीट येत नाहीत. मी मागे उभी राहून नुसते ओठ हलवते.

माझे केस दुसऱ्या केमोच्या आधीच गेले. सकाळी उशीवर पुंजके दिसायचे. एकदा आई ते वेचून पिशवीत ठेवताना दिसली आणि मी तिच्यावर ओरडले. पुन्हा माझ्या डोक्याकडे बघायचं नाही, हात लावायचा नाही, असं बजावलं. आईनं ते पाळलं. मी खोलीत असले की ती दाराशी थांबून आधी खोकायची, मी डोकं झाकेपर्यंत वाट बघायची, मग चहा घेऊन आत यायची.

डोकं झाकायला मी काय काय करून पाहिलं! अकोल्याहून विग आणला. तो फोटोत छान दिसायचा, पण आमच्याकडच्या चैत्रातल्या उन्हात त्याची आतली जाळी निखाऱ्यासारखी पोळायची. ऑनलाइन मागवलेल्या टोपीला पुढे एक सुंदर खडा होता आणि आत एक जाड शिवण. तासाभरात ती शिवण कपाळावर उमटायची. मग घेतला सॅटिनचा स्टोल, मोरपिशी रंगाचा. आरशात मला त्या रंगात पुन्हा मीच दिसले, म्हणून तो फार आवडला. तिसऱ्या केमोला जाताना, अकोल्याच्या एसटीत, खिडकीतून वाऱ्याचा एक झोत आला आणि तो गुळगुळीत डोक्यावरून सरळ मागच्या सीटवर जाऊन पडला. मागच्या बाईंनी उचलून दिला. "अरे देवा, एवढ्याशा पोरीले!" त्या मायेनंच म्हणाल्या, पण अख्ख्या बसनं वळून पाहिलं. त्या दिवसापासून मी बाहेर पडणं सोडलं. दवाखान्यापुरती जायचे, ते शाळेतली लोकरीची माकडटोपी घालून, भर एप्रिलात.

अशातच माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनलचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. काकू आईला म्हणाल्या, "तिले कायले दगदग? खोलीत आराम करू दे. पाव्हण्यांच्या नजरा काही चांगल्या नसतात." त्यांचा हेतू वाईट असेल असं नाही. उलट मला हायसंच वाटलं. माझ्या डोक्यामुळे मीनलच्या सासरी शंका नकोत, असं मीच सगळ्यांना पटवून देऊ लागले. मीनलनं मात्र एका वाक्यात निकाल लावला. "ताई नाई, तर मी पाटावर बसत नाई."

ती हट्टी आहे. ती खरंच बसली नसती. आणि मी? मला तिच्या शेजारी उभं राहायचं होतं, खूप होतं. पण सगळ्यांसमोर पुन्हा एकदा ते कापड घसरलं तर, या एका विचारानं मी पुन्हा मागे फिरायचे.

साक्षगंधाच्या दोन दिवस आधी आईनं गावदेवीची ओटी भरायचं काढलं. आमचं वांग्याचं, सांभाराचं म्हणजे कोथिंबिरीचं शेत आसेगावच्या वाटेवर आहे, त्याच्या पुढे हे छोटं देऊळ. मी अट घातली, भर दुपारी जायचं, कुणी नसताना. डोक्यावर तोच सॅटिनचा स्टोल, चार पिना लावून.

पण गाभाऱ्यात देवीची पूजा करणाऱ्या मावशी होत्या. देवीची वस्त्रं बदलायचं काम चाललं होतं. त्यांनी आईला आल्या आल्या कामाला लावलं, "बरं झालं आली. हापशीवरून बादलीभर पाणी आण." मी दारातच थबकले. पाटावर नुसती शेंदराची गोल शिळा होती, चांदीच्या दोन डोळ्यांची. मुकुट नाही, वस्त्र नाही. देवीला केस नाहीत, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

"ये ना आत, भेते काहून?" मावशी म्हणाल्या. हात चालूच होते. "लोकं नवसाची चमकीची वस्त्रं आणतात. दिसाले लई देखणी. पण देवीच्या डोक्शावर टिकतच नाहीत, सरकून राह्यतात." असं म्हणत त्यांनी जुन्या सुती लुगड्याची एक पट्टी घेतली, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि शिळेला कपाळाच्या जागी एक वेढा दिला. मग त्यावर लाल जरीचं वस्त्र बसवलं आणि बोटानं ओढून दाखवलं. ते हललं नाही. "आतून सुती पाह्यजे. मंग वरून काईही घाल."

मी नमस्काराला वाकले आणि माझा स्टोल पिनांसकट देवीच्या पायाशी पडला.

मला तिथून पळून जायचं होतं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, जसं त्या मघाशी देवीकडे पाहत होत्या तसंच. मोजमाप घेतल्यासारखं.

"दवाखाना कुठं चालू हाये?"

"अकोल्याला."

"बरं. बस इथं."

बस, एवढंच विचारलं. उरलेलं लुगडं त्यांनी दातात धरून टर्रकन फाडलं, मला खाली बसवलं आणि माझ्या कपाळाभोवती तशीच पट्टी गुंडाळली. कितीतरी आठवड्यांत माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्या हाताला शेंदराचा आणि तेलाचा वास होता. डोळे भरून आले, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. वरून माझाच मोरपिशी स्टोल घट्ट बांधला, पदर पिळून एका बाजूला आणला आणि कानामागे गाठ मारली.

"देवीले मागं गाठ चालते, ते काई लेटत नाही. तुले लेटा लागते, मागं टोचन. आता हालव मान. जोरानं हालव, लाजते काहून!"

मी मान हलवली. एकदा हळू, मग खूप जोरात. काहीच सरकलं नाही. मला हसू आलं आणि मी दाराकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेर आई भरलेली बादली हातात धरून आमच्याकडे पाठ करून उभी होती. किती वेळ उभी होती, देव जाणे. बादली तिनं खालीसुद्धा ठेवली नव्हती. मी नको म्हटलं होतं, म्हणून ती बघत नव्हती.

साक्षगंधाला मी मीनलच्या शेजारी उभी राहिले. पट्टी तीच, वर तिच्या शालूशी जुळणारी जांभळी ओढणी. मुलाची आत्या बराच वेळ निरखत होती. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "पोरी, हे कोणत्या पार्लरात बांधलं? लई शोभते." मी म्हटलं, "देवळात." तिला ती थट्टा वाटली. मग मीच सांगितलं की माझी केमो सुरू आहे. माझ्या हातात पेढा ठेवून ती म्हणाली, "मंग उभी काहून हायेस? खुर्ची घे." एवढंच झालं. ज्याची मी इतके दिवस भीती बाळगली, ते एवढंसंच होतं.

पाहुणे गेल्यावर मी खोलीत आले. दाराशी आईचा खोकला ऐकू आला. मी डोक्यावरची ओढणी तशीच ठेवली, तिच्याकडे पाठ करून पलंगावर बसले आणि म्हटलं, "आई, गाठ सोडून दे ना." तिला आधी ऐकलेलं खरं वाटलं नसावं. मग तिनं कानामागची गाठ सोडली, ओढणी काढली, पट्टी काढली. आणि दोन्ही तळवे माझ्या डोक्यावर ठेवून ती तशीच उभी राहिली, बराच वेळ.

अजून दोन केमो बाकी आहेत. त्यापुढचं मला माहीत नाही. पूर्वी मी देवीकडे फक्त मागायचे आणि मिळालं नाही की रुसायचे. आता शुक्रवारी देवळात जाते, मावशींच्या हाताखाली बसून पट्ट्यांच्या घड्या घालते. त्या दुपारी जे घडलं त्याला काय म्हणायचं, ते मी ठरवत बसत नाही. मला इतकंच कळलं आहे, की स्वतःला कुणाच्या हाती सोपवायचं तर आधी डोकं पुढे करावं लागतं. माझं तर देवीनं त्या दिवशी उघडंच करून घेतलं. आरतीचे शब्द अजूनही येत नाहीत. पण आता मी मागे उभी राहत नाही, आईच्या शेजारी उभी राहते, आणि ती म्हणते तसं तिच्यामागून म्हणते.