'तयार' असा शेरा

विद्यापीठाच्या उपकेंद्रातील पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी दुपारी तीन वाजता भरणारा सराव-मुलाखतींचा वर्ग मी सुरू केला, मी चालवला आणि तो बंद करण्याच्या ठरावाखाली सहीही माझीच आहे. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर गावात भलत्यांची नावे घेतली जातात. वर्गातले किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. वाडीत झावळ्या पडतात तसे ते पडत राहतात. उचलणारे घरात कोणी नसले, की ढीग होतो.

चौतीस वर्षे मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर घरात बोलणारे दोघेच उरलो, मी आणि रेडिओ. आणि रेडिओ माझे ऐकून घेत नसे. त्यामुळे उपकेंद्राचे समन्वयक जेव्हा म्हणाले, "बाई, आमची मुलं हुशार आहेत हो, पण पॅनेलसमोर बसली की वाचाच बसते," तेव्हा मी कॅलेंडर न पाहताच होकार दिला.

वर्गाचा नियम एकच. मी टेबलामागे, उमेदवार समोर, आणि शेवटी वहीत शेरा: 'पुन्हा' किंवा 'तयार'. ज्याला 'पुन्हा' मिळेल त्याने पुढच्या शनिवारी यायचे. ज्याला 'तयार' मिळेल त्याने यायचे नाही. नियम मीच केला होता. चांगले शिकवणारी बाई या नियमाने शेवटी एकटी उरते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही.

*

आमच्याकडे अख्खा तालुका एकमेकांचा नातेवाईक. म्हणून माझी पहिली ताकीद अशी, की पॅनेलवर ओळखीचे कोणी दिसले, तरी ओळख दाखवायची नाही. काका-मामा दाराबाहेर!

एम.कॉम. झालेला निलेश अत्यंत आज्ञाधारक. तालुक्याच्याच एका महाविद्यालयात त्याची मुलाखत होती. दार उघडून पाहतो, तर अध्यक्षांच्या खुर्चीत त्याचे सख्खे मामा! मामांनीच वातावरण सैल करण्यासाठी विचारले, "काय रे, ताईचा गुडघा कसा आहे?"

निलेश ताठ बसला आणि म्हणाला, "महोदय, हा प्रश्न माझ्या विषयाशी संबंधित नाही."

नोकरी मिळाली नाही. त्याची आई तावातावाने माझ्या दारात उभी. "बाई, तुमच्या शिस्तीपायी माझं माहेर बंद झालं!" मी तिला चहा दिला आणि वहीत निलेशच्या नावापुढे 'तयार' लिहिले.

गणपतीत मामा आले. दारातूनच त्यांनी विचारले, "उमेदवार घरी आहेत का?"

*

राकेश खारभूमीच्या मातीवर पीएच.डी. करत होता. आपले संशोधन सामान्य माणसाला तीन मिनिटांत सांगायचे, असा त्याचा सराव. सामान्य माणूस अर्थातच मी. अकराव्या मिनिटाला राकेश प्रस्तावना संपवत असे.

एका शनिवारी त्याचे वडील त्याला न्यायला मोटारसायकल घेऊन आले होते. बराच वेळ ताटकळून खिडकीतून डोकावून म्हणाले, "अजून किती येल रं?"

मी त्यांनाच विचारले, "भाऊ, तुम्ही सांगा. हा कशाचा अभ्यास करतो?"

"आता काय सांगू? बांध फुटला की खारं पानी शेतान शिरतं. मंग भात व्हत न्हाय. का व्हत न्हाय, त्ये ह्यो बघतोय."

सतरा सेकंद! मी घड्याळ लावून पाहिले होते. राकेशने ते वाक्य प्रमाण मराठीत उतरवून प्रेझेंटेशनच्या आरंभी ठेवले आणि त्याला शिष्यवृत्ती मिळाली. पेढे घेऊन बापलेक आले, तेव्हा वडिलांनी दबक्या आवाजात चौकशी केली, "बाई, पन का व्हत न्हाय, त्ये याला समजलं का?"

राकेश म्हणाला, "बाबा, त्यासाठी अधिक संशोधन आवश्यक आहे."

*

आफरीन श्रीवर्धनकडची. मासळीवर एम.एस्सी., पुढे संशोधनाला अर्ज. मुलाखत ऑनलाइन. मी बजावून सांगितले होते, की पाठीमागे कोरी पांढरी भिंत हवी. कपाट नको, पंखा नको, माणसे तर नकोतच.

त्यांच्या गावात नेटवर्क फक्त जेटीवर. तिथे पांढरी भिंत एकच, बर्फाच्या कारखान्याची. आफरीन नवा दुपट्टा घेऊन तिच्यासमोर बसली. मुलाखत सुरू झाली आणि त्याच वेळी बोटी लागल्या! तिच्या पाठीमागून सुरमईच्या पाट्या डोक्यावर घेऊन माणसांची रांग निघाली.

पॅनेलवरचे एक सर वैतागून म्हणाले, "तुमच्या मागून हे काय चाललंय?"

आफरीनने मागे वळूनही पाहिले नाही. "सर, माझ्या प्रबंधाचा विषय."

संध्याकाळी तिचा फोन आला. "बाई, हो गया! अम्मी रडतायत, तुम्ही नका रडू हां!"

मी रडत नव्हते. मी वही उघडून 'तयार' लिहीत होते, आणि पुढच्या शनिवारी कोण कोण उरले आहे, ते पाहत होते.

*

खुर्च्या मांडायला मी अर्धा तास आधी जात असे. प्रारंभी दहा खुर्च्या, मग सहा, मग तीन. शेवटी एकच. एक खुर्ची मांडायला कितीसा वेळ लागणार? मी तरीही अर्धा तास आधीच जात असे.

समन्वयक एकदा दारात थांबले. "बाई, पुढे सगळं ऑनलाइनच होणार आहे. वर्गात एक जरी नाव असलं, तरी मी ही खोली धरून ठेवतो. पण शून्यावर मला काही करता यायचं नाही."

ते एक नाव स्नेहलचे होते.

*

स्नेहल नागावची, सुपारीच्या रोगांवर तिने पीएच.डी. केलेली. घरचे होमस्टे. शनिवारी सकाळी पर्यटकांचे फोन घ्यायचे काम तिचेच. अशाच एका शनिवारी दूरच्या एका संशोधन संस्थेच्या पॅनेलने तिला फोन लावला. स्नेहलने सवयीने विचारले, "एसी की नॉन-एसी?"

"आम्ही निवड समितीतून बोलतोय. आम्ही पाच जण आहोत."

"ग्रुपला डिस्काउंट आहे सर, पण मासे आदल्या दिवशी सांगावे लागतील!"

मुलाखत पुढे पाऊण तास चालली. "निकाल काय लागला?" मी पुढच्या शनिवारी विचारले.

"आला नाही अजून, बाई."

त्यानंतर मुलीचे काय बिनसले, कळेना. एका शनिवारी ती परवानगी न घेताच बसली. दुसऱ्या शनिवारी मला 'मावशी' म्हणाली. तिसऱ्या शनिवारी मी विचारले, "तुमचा कमकुवतपणा कोणता?" ती म्हणाली, "कोलंबीचं कालवण." असे नऊ शनिवार गेले. नऊही वेळा मी 'पुन्हा' लिहिले. लपवण्यात अर्थ नाही. 'पुन्हा' लिहिताना माझे अक्षर फार सुंदर येत असे.

दहाव्या शनिवारी तीनच्या ठोक्याला स्नेहलच्या आधी तिची आई आत आली. घर पाहुण्यांनी भरलेले, आणि ही पदराला हात पुसत उभी.

"बाई, हात जोडते, हिला पास करा हो! निवड कधीच झालीय हिची, दोनदा मुदत वाढवून घेतली तिकडून. आता सोमवारी हजर नाही झाली, तर नोकरी जाईल. मी सांगून थकले. म्हणते, बाई 'तयार' म्हणत नाहीत, तोवर मी कशी जाऊ?"

स्नेहल दारात उभी होती. ती खिडकीबाहेर पाहू लागली.

मी वहीची पाने मागे उलटली. नऊ शनिवार, नऊ चुका आणि एकही चूक दुसऱ्यांदा नाही. खरा कच्चा विद्यार्थी एकच चूक पुन्हा पुन्हा करतो. चौतीस वर्षे हे मी नव्या शिक्षकांना सांगत आले होते.

"वहिनी, तुम्ही बसा," मी म्हणाले. त्यांच्यासाठी दुसरी खुर्ची मांडली. मग स्नेहलला म्हणाले, "आत येण्यासाठी परवानगी मागा."

तिने मागितली. मी तिला माझ्याजवळचे सर्वांत अवघड प्रश्न विचारले. वीस मिनिटांत तिची एकही चूक झाली नाही. शेवटी, रीतीप्रमाणे, मी विचारले, "तुम्हांला आम्हांला काही विचारायचे आहे का?"

"हो," स्नेहल म्हणाली. "पुढच्या शनिवारी तीन वाजता तुम्ही काय करणार?"

मी वही पुढे ओढली आणि अध्यक्ष या नात्याने त्या दिवसाची नोंद केली. ठरले ते असे: स्नेहलला 'तयार' असा शेरा देण्यात यावा. तिने सोमवारी रुजू व्हावे. वर्गात नाव न उरल्यामुळे वर्ग बंद करण्यात यावा. पहिल्या दोन मुद्द्यांना तिच्या आईने तत्काळ अनुमोदन दिले. तिसऱ्याला समन्वयकांनी फोनवरून संमती कळवली. स्नेहल तिन्ही मुद्द्यांना 'नाही' म्हणाली. आईने तिच्याकडे पाहिले, तेव्हा पहिल्या दोन मुद्द्यांना 'हो' म्हणाली.

अध्यक्षांचे मत विचारण्याची आमच्याकडे पद्धत नाही.