सातव्या क्रमांकाचा माणूस

ती वही माझ्या हातात आली नसती, तर फार बरं झालं असतं. एवढ्या वर्षांनीही असंच वाटतं.

मी तेव्हा परळच्या ठाण्यावर जमादार होतो. शिवडीच्या एका वखारीतून कापडाच्या गाठी चोरीला गेल्या होत्या आणि वरून रोज विचारणा होत होती. अशात आमच्या खबऱ्याने बातमी आणली. घोडपदेवच्या चाळीत दर रविवारी कोणी मास्तर सजा भोगून आलेल्या माणसांना एकेक करून बोलावतो, दार लावून घेतो आणि काहीतरी लिहून घेतो. मी म्हटलं, ही टोळीच जमतेय.

रविवारी छापा घातला. मास्तर गिरगावात राहणारे, पेन्शनीतले, चष्मा लावून वही पुढ्यात घेऊन बसलेले. त्यांना ठाण्यावर आणलं.

"तुरुंगातून सुटलेल्याला पुढे काय सोसावं लागतं, ते विचारतो. पुढेमागे छापायचं आहे," ते म्हणाले.

"नावं सांगा."

"मी कोणाचंच नाव विचारलेलं नाही. फक्त क्रमांक."

"का?"

"तुम्ही विचाराल म्हणून."

माझा पारा चढला. मास्तरांना दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं आणि वही वाचली. सातव्या क्रमांकाशी थांबलो. त्याने तुरुंगात काथ्याच्या चटया विणल्या होत्या. आता तो मासेमारीच्या होडीवर होता. मुलीची सोयरीक ठरत होती. आपण तुरुंगात होतो हे सोयऱ्यांना ठाऊक नाही, घरच्यांनी रंगूनला जहाजावर गेल्याचं सांगितलंय. सर्वांत मोठी भीती कसली, या प्रश्नापुढे लिहिलं होतं: पोलीस दारात येण्याची.

भितो म्हणजे याच्या मनात काळंबेरं आहे, असा मी हिशेब केला. तेव्हा आम्ही सगळेच असा करायचो.

सुटलेल्या कैद्यांची नोंदवही आमच्याकडे होतीच. त्यात चटयांच्या कामावरचा कोळी एकच निघाला, शिवडीच्या कोळीवाड्यातला. फौजदारांनी माझी पाठ थोपटायची तेवढी बाकी ठेवली. मलाही फार शहाणं झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन शिपाई घेऊन गेलो, गणवेशात. ओट्यावर पाहुणे बसले होते, मधे नारळ आणि साखरेची पुडी. तो एका बाजूला जाळं सांधत होता. मला पाहून त्याचा हात थांबला.

"वखारीतल्या गाठी कुठं आहेत?" मी विचारलं.

"मना ठाव नाय, सायेब."

"तुरुंगात जाऊन आलेल्याला ठाऊक नाही?"

हे मी सगळ्यांदेखत बोललो. एक वयस्कर पाहुणा हळूच म्हणाला, "तुरुंग? तुमी तर रंगून सांगितला होता." आम्ही घराची झडती घेतली. चूल, कोठी, वल्ही, सुकटीच्या टोपल्या. काही मिळालं नाही. बाहेर आलो तर ओटा रिकामा झाला होता. साखरेची पुडी तशीच बांधलेली होती.

गाठी आठवड्याभराने सापडल्या. वखारीच्या मुकादमानेच त्या गाडीत घालून वडाळ्याला नेल्या होत्या. मास्तरांची वही मी परत केली. त्यांनी पानं चाळली, सातव्यावर हात ठेवला आणि विचारलं, "गेला होतात?" मी मान डोलावली. त्यानंतर त्यांच्या घोडपदेवच्या खोलीत कोणी पाऊल ठेवलं नाही, असं खबऱ्यानेच सांगितलं.

महिन्याभराने तो कोळी मला धक्क्यावर भेटला. मी नजर चुकवली, पण तोच जवळ आला.

"सायेब, मास्तरांना बी मी नाव नाय सांगितलं," तो म्हणाला. "तुमी चार मानसांत तुरुंग सांगितला."

आवाज चढवला नाही त्याने. तो होडीकडे वळला.

मी पुष्कळ गुन्हे उघडकीला आणले, त्याचा अभिमान आहे. पण वहीत त्या माणसाने आपली भीती स्वच्छ सांगून ठेवली होती आणि मी ती पुरावा म्हणून वाचली, याची लाज वाटते. त्याच्या मुलीचं लग्न पुढे झालं की नाही, हे मला ठाऊक नाही. चौकशी करायला पुन्हा त्याच दारात जावं लागलं असतं.